मालकांची संघटना नेमकं कुणासाठी मागते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोविडनंतर उद्योग पुन्हा उभे राहत असताना मालक संघटनांनी केलेल्या कामावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मालकांच्या संघटनेने मालकांसाठी सरकारकडे हात पसरले, त्यात कौतुकाचं काय? कामगारांचं नाव पुढे करून सवलती पदरात पाडून घेतल्या, पगार मात्र कापलेच. संघटनांनी जाता जाता स्वतःचीही सोय करून घेतली. आणि ‘संघटनांनी लाखो रोजगार वाचवले’ हे माझं वाक्य तुम्हाला जाहिरातीतलं वाटलं. त्या वाक्याकडे शेवटी येतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, जी मूळ लेखात सांगायची राहिली. त्या काळात मी अशाच एका संघटनेच्या मदतकक्षात फोन घेत होतो. लेख वाचणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं. तेव्हा पुढचं सगळं मी कुठे बसून बोलतोय ते लक्षात ठेवून वाचा.

त्या फोनवर ‘सरकारकडून आम्हाला किती मिळवून द्याल’ असं विचारणारे फार थोडे होते. बहुतेकांचे प्रश्न असे: माझ्याकडे सात माणसं आहेत, तिघांनाच कामावर बोलावलं तर उरलेल्या चौघांचं अनुदान मिळेल का? अर्जात उलाढाल लिहायची ती बिल केलेली की हातात पडलेली? एकाला लागण झाली तर त्याच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्याला किती दिवस घरी बसवायचं, आणि त्या दिवसांचा पगार कुणी द्यायचा? परिपत्रक शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि सोमवारी सकाळी त्याप्रमाणे वागायचं असायचं. मोठ्या कंपनीत यासाठी कायदा विभाग असतो, पगारपत्रकं करणारा वेगळा विभाग असतो. सात माणसांच्या कारखान्याचा मालक दिवसभर यंत्रावर उभा राहतो आणि रात्री हिशेब करतो. त्याला ते परिपत्रक साध्या भाषेत समजावून सांगणं, अर्ज कुठे अडलाय ते शोधून काढणं, हेच आमचं रोजचं काम होतं. मंत्र्यांना दिलेल्या निवेदनांचे फोटो छापून येतात, या कामाचे येत नाहीत. माझ्या मते सभासदांनी दिलेल्या वर्गणीचं चीज संघटनेने यातच केलं.

आता पगार अनुदानाचं, म्हणजे माणूस कामावर ठेवावा म्हणून सरकार त्याच्या पगाराचा वाटा देतं, त्याचं. पैसे थेट कामगाराला न देता मालकाच्या खात्यात का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कारण असं की माणूस एकदा कामावरून गेला की ते नातं पुन्हा जुळायला महिने लागतात. त्याला नवं काम शोधावं लागतं, मालकाला नवा माणूस शिकवावा लागतो, आणि मागणी परत येते तेव्हा दोघेही तयार नसतात. जर्मनीत कुर्त्सआर्बाइट नावाची व्यवस्था यासाठीच जुनी आहे. काम घटलं तर तास कमी करायचे, माणूस पटावर ठेवायचा, बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी विम्यातून द्यायचे. एरवी यासाठी एक-तृतीयांश कामगारांचं काम घटलेलं असावं लागे. २०२०मध्ये ती अट एक-दशांशावर आणली. त्या एप्रिलमध्ये जवळपास ६० लाख लोक या व्यवस्थेखाली होते.

ब्रिटनकडे असं काहीच तयार नव्हतं. २० मार्च २०२० रोजी तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी फर्लो योजना जाहीर केली: कामगाराला नोकरीवर ठेवून घरी बसवायचं आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग सरकारने द्यायचा. पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड. ती आखताना मालकांच्या आणि कामगारांच्या, दोन्हीकडच्या संघटनांशी बोलणी झाली होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुढची योजना मांडताना सुनक यांच्या एका बाजूला मालकांच्या कॉन्फेडरेशन ऑफ ब्रिटिश इंडस्ट्री या संघटनेच्या कॅरोलिन फेअरबेर्न होत्या आणि दुसऱ्या बाजूला कामगार संघटनांच्या ट्रेड्स युनियन काँग्रेस या महासंघाच्या फ्रान्सिस ओ’ग्रेडी. ती योजना पुढे प्रत्यक्षात आलीच नाही, तरी ते दृश्य माझ्या मनात राहिलं आहे. मालक संघटनेची मागणी पारखायची तर मी आता हेच विचारतो: कामगारांचा प्रतिनिधी या मागणीशेजारी उभा राहील का?

पाठपुराव्याचा अर्थ फक्त ‘आणखी द्या’ असा होत नाही, हेही सांगायला हवं. फर्लोच्या पहिल्या नियमानुसार घरी बसवलेल्या कामगाराने त्या मालकाचं कुठलंही काम करायचं नाही, आणि हे किमान तीन आठवडे. निम्म्या ऑर्डर परत आलेल्या कारखान्याने मग काय करायचं? अर्ध्या माणसांना पूर्ण वेळ बोलवायचं आणि अर्ध्यांना घरी ठेवायचं, एवढाच मार्ग उरत होता. १ जुलै २०२० पासून अर्धवेळ काम आणि उरलेल्या वेळेचं अनुदान अशी मुभा मिळाली. यात सरकारचाही पैसा वाचला आणि कामगारही लवकर परतले. अशी दुरुस्ती सुचायला रोज कारखान्यातून फोन घेणारं कुणीतरी लागतं.

वेळेचंही तसंच. ही योजना ३१ ऑक्टोबर २०२० रोजी संपणार होती, आणि ती वाढवल्याची घोषणा झाली ती नेमकी त्याच दिवशी. तोवर अनेक मालकांनी कपातीच्या नोटिसा देऊन टाकल्या होत्या. नोटिशीची मुदत असते, ती आधीच द्यावी लागते. शेवटच्या दिवशीची घोषणा त्या माणसांच्या उपयोगाची नव्हती. निश्चित तारीख वेळेवर सांगा, ही मागणी ऐकायला कंटाळवाणी वाटते. पण ती मान्य झाली असती तर ज्यांच्या नोकऱ्या टिकल्या असत्या ते मालक नव्हते.

इथवर मी संघटनांची बाजू घेतली. आता तुमचं जे पटलं ते.

अमेरिकेतला पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम घ्या. नावातच पगाराचं रक्षण. लहान उद्योगांना कर्ज द्यायचं, आणि ठरलेला हिस्सा पगारावर खर्च केला तर ते माफ करायचं. सुरुवातीला हा हिस्सा ७५ टक्के होता. व्यवसायांच्या मागणीनंतर ५ जून २०२० च्या कायद्याने तो ६० टक्क्यांवर आला आणि खर्चाची मुदत ८ आठवड्यांवरून २४ आठवड्यांवर गेली. ही मागणी करणाऱ्यांचं दुःख मला कळतं. दार बंद असलं तरी भाडं थांबत नाही, आणि भाड्यापायी जागा गेली तर नोकऱ्याही जातात. पण परिणामही बघायला हवा. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी २०२२मध्ये हिशेब मांडला: या ८०० अब्ज डॉलरच्या कार्यक्रमातला फक्त २३ ते ३४ टक्के पैसा अशा कामगारांपर्यंत पोचला ज्यांची नोकरी एरवी गेली असती. बाकीचा मालक, भागधारक आणि त्यांना कर्ज देणारे यांच्याकडे गेला. ऑस्ट्रेलियात जॉबकीपर या पगार अनुदान योजनेत पहिल्या टप्प्यात उलाढाल घटेल असा नुसता अंदाज दिला तरी पैसे मिळत. अंदाज चुकला आणि धंदा चांगला झाला तरी परत करण्याची सक्ती नव्हती. अट इतकी सैल असली की मदत खिरापत होते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

आणखी एक उदाहरण, जे तुम्ही दिलं नाही. मे २०२१मध्ये अमेरिकेत रोजगाराचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी आले. यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या तिथल्या मोठ्या व्यापारी संघटनेने त्याच दिवशी मागणी केली की बेरोजगारांना मिळणारे आठवड्याचे ३०० जादा डॉलर बंद करा, म्हणजे लोक कामावर येतील. जवळपास निम्म्या राज्यांनी सप्टेंबरची मुदत येण्याआधी ते बंदही केले. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की भत्ता गेलेल्यांपैकी बहुतेकांना त्यामुळे लगेच काम लागलं नाही. घरातला खर्च मात्र आटला. मुलांच्या शाळा बंद, घरात आजारी माणूस, संसर्गाची भीती, ही कारणं भत्ता थांबवून जाणारी नव्हती. स्वतः मदत घेतलेल्यांनी दुसऱ्याची मदत काढून घ्या म्हणणं, याचं समर्थन मी करणार नाही.

संघटनांनी स्वतःची सोय केली, हा आरोप सरसकट खरा नाही. अमेरिकेत तर व्यावसायिक संघटनांना पेचेक प्रोटेक्शनच्या कर्जातून आधी वगळलंच होतं. डिसेंबर २०२०च्या कायद्याने ३०० पर्यंत कर्मचारी असलेल्यांना वाट मोकळी झाली, तीही लॉबिंगवर, म्हणजे कायदे आपल्या बाजूने वळवण्याच्या खटपटीवर, कडक मर्यादा घालून. ती मर्यादा योग्यच होती.

आता मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट, जिच्यावर तुम्ही बोट ठेवलं नाही. लहान उद्योजकांच्या फोनमध्ये सरकारइतकीच तक्रार मोठ्या गिऱ्हाइकांची होती. माल कधीच पोचलेला, बिल मंजूर, पैसे मात्र तीन-तीन, चार-चार महिने नाहीत. लॉकडाउनचं कारण सांगून मुदती आणखी लांबवल्या गेल्या. म्हणजे लहान कारखानदार सरकारी हमीवर कर्ज काढून, त्यावर व्याज भरून, मोठ्या कंपनीला बिनव्याजी उधारी देत होता. त्याचं खेळतं भांडवल तिथे अडकलं होतं, आणि पगार अडकत होते ते त्यामुळे. यावर संघटना बोलली का? हळू आवाजात. कारण ती मोठी कंपनीही सभासद, आणि तिची वर्गणी शंभर लहान सभासदांच्या वर्गणीएवढी. मी ज्या संघटनेत होतो तिथे थकबाकीवरचं पत्र तीनदा लिहून झालं आणि प्रत्येक वेळी मवाळ होत गेलं. शेवटी गेलं त्यात ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द होते. त्या दिवशी फोनवरच्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. मालक विरुद्ध कामगार ही फट तुम्ही दाखवलीत. मालकांच्या आतली ही फट मी पाहिली, आणि लेखात लिहिली नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, पुढच्या वेळी काय मागाल? मागणीसोबत स्वतःला बांधणाऱ्या अटी मागू. न्यूझीलंडने २०२०मध्ये पगार अनुदान घेणाऱ्या मालकांची नावं आणि रकमा शोधता येतील अशी यादी सगळ्यांसाठी खुली केली. कामगार स्वतः बघू शकत होता की त्याच्या मालकाने पैसे घेतलेत का. नंतर कित्येक मालकांनी पैसे परतही केले. अशी यादी हवी, हे संघटनेने आपणहून म्हणावं. धंदा सावरला तर पैसे परत करायची अट हवी, पहिल्याच कायद्यात. आणि जी मोठी कंपनी लहान पुरवठादाराचे पैसे थकवते तिला कुठलीही सवलत नको. ही शेवटची अट संघटनेच्या बैठकीत मंजूर होणं सर्वांत कठीण, ते मला ठाऊक आहे. तरी मांडणार आहे.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं. आता तिथे असं आहे: ‘जिथे पैसा पगाराला घट्ट बांधलेला होता आणि नियम वेळेवर पोचले, तिथे संघटनांच्या कामामुळे नोकऱ्या टिकायला मदत झाली.’ मी त्या मदतकक्षात होतो, हेही लेखाच्या सुरुवातीला टाकलं आहे.