'इन्शुरन्स आहे ना' म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. दहावीला नव्वद टक्के पडले म्हणून एका चिरंजीवांना कार! बोनेटवर लाल रिबन, आई ओवाळतेय, बाबा चावी देतायत आणि पोरगं स्वतः गाडी गेटबाहेर काढतंय. वय सोळा. खाली पन्नास अंगठे आणि 'अभिनंदन बेटा'. मी फक्त विचारलं की लायसन्स? तर बाबांचं उत्तर, 'फुल इन्शुरन्स आहे हो, डोन्ट वरी.'

अहो कसला फुल!

आमच्या मावशीची अल्टो होती. मावशीला स्टिअरिंग धरता येत नाही पण आरसी (गाडीची नोंदणी) तिच्या नावावर. तिच्या लेकाने अकरावीत असताना क्लासला जाताना सायकलवरच्या एका आजोबांना उडवलं. जीव वाचला, मांडीचं हाड गेलं. इन्शुरन्सचा माणूस आला, त्याचा पहिला प्रश्न, चालवणाऱ्याचं लायसन्स दाखवा. संपला विषय. गाडीच्या खर्चाचा क्लेम रिजेक्ट. आजोबांची भरपाई अपघात-भरपाईच्या ट्रिब्युनलने इन्शुरन्स कंपनीला आधी द्यायला लावली, पण पुढची ओळ होती की मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे कोण, तर मावशी. पाटल्या मोडल्या तिने.

आणि हे सगळं मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीआधीचं बरं का. आता कलम 199अ आहे. पोराने गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं असं म्हणायचं तर ते तुम्हीच कोर्टात सिद्ध करायचं. इथे तर रिबनसकट व्हिडिओ काढून ठेवलाय!

पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये अल्पवयीन पोराच्या गाडीने दोन तरुण इंजिनिअर गेले तेव्हा हाच ग्रुप त्याला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावरून पेटला होता. तेव्हा बिल्डरचं पोर होतं, आता आपलं 'बेटा' आहे, एवढाच काय तो फरक.

हो, मान्य, क्लास लांब असतात आणि पीएमपीची बस वेळेवर येत नाही. मग रिक्षा लावा, स्वतः सोडा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या दुचाकीचं, कारचं नाही.

पोरावर राग नाही हो माझा. त्या वयात चावी मिळाली तर कोण नाही म्हणेल? मावशीचा लेक आता तिशीचा आहे, लायसन्स आहे, तरी गाडी बायकोच चालवते. आजोबांच्या घरी दिवाळीला फराळ घेऊन जातो, ते त्याला आत बोलावतात, चहा पाजतात. यावर काय बोलायचं मला कळत नाही.

तर बाबा, गाडी घेतलीच आहे तर दोन वर्षं तुम्ही चालवा. चिरंजीव अठराचे झाले की लर्निंगला आरटीओत मी येतो त्याच्यासोबत, सुट्टी टाकून. आणि तो व्हिडिओ डिलीट करा आधी.