मतदान फक्त पदवीधरांना? थांबा जरा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय. 'शिकलेला माणूस आकडे बघून मत देतो, पक्ष नाही काम बघतो. अंगठेबहाद्दर भावनेच्या भरात देतात नाहीतर विकले जातात, त्यांना समजावून उपयोग नाही, मतदान फक्त पदवीधरांना ठेवा.' खाली अंगठ्यांचीच रांग!

आधी आकडे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॅन काहान आणि मंडळींनी साधारण ११०० लोकांना एक छोटंसं कोष्टक दिलं, काहींना सांगितलं हे त्वचेच्या क्रीमचे रिझल्ट आहेत, काहींना सांगितलं बंदुकांवर बंदी घातल्यावर गुन्हे वाढले की घटले त्याचे, आकडे मात्र तेच. क्रीमचं उत्तर गणितात हुशार असलेल्यांनी जास्त बरोबर काढलं, पण बंदूक आली आणि याच हुशार लोकांचा हिशोब उत्तर आपल्या राजकीय बाजूचं असलं की बरोबर आणि नसलं की गंडलेला, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंमधली दरी गणितात कच्च्या असलेल्यांपेक्षा यांच्यातच मोठी निघाली. गणित येणं वेगळं आणि डिग्री वेगळी हे मान्य, पण फॉरवर्डचा दावा आकड्यांचाच आहे ना?

'काम बघतो' म्हणे. २००३ मध्ये जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास आला, त्यात कॉलेजच्या पोरांना सरकारी मदतीची योजना वाचायला दिली होती. योजना कंजूस असो की सढळ, आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे कळलं की पसंत, आणि वर विचारलं तर आम्ही मजकूर वाचूनच ठरवलं! आपल्याकडे पावसाळ्यात गायमुखच्या खड्ड्यांचे फोटो येतात तेव्हा बघा, नावडता पक्ष सत्तेत असला की 'टक्केवारी खाल्ली', आवडता असला की 'अहो पाऊस केवढा झाला'. लिहिणारे सगळे इंजिनीअर नाहीतर सीए.

'समजावून उपयोग नाही' हेही अर्धवट आहे. वुड आणि पोर्टर या दोघा अमेरिकी संशोधकांनी १०,००० हून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले, खरी माहिती दाखवल्यावर माणूस चिडून आणखी हट्टाला पेटतो असं जवळपास कुठेच दिसलं नाही. लोक ऐकतात हो. फक्त चूक मान्य केली म्हणून नेता सोडत नाहीत, ट्रम्पच्या समर्थकांचं तसंच निघालं, त्याचं विधान चुकीचं होतं हे पटलं पण तो आवडायचा तेवढाच आवडत राहिला.

राहिलं विकलं जाण्याचं. इलेक्शनच्या तोंडावर पेव्हर ब्लॉक आणि सीसीटीव्ही उमेदवाराकडून कोणी मागून घेतले होते, सोसायटीच्या मीटिंगचं रजिस्टर काढू का?