आजारी पडायचंय? आधी डॉक्टरची ऑर्डर पाहा

यंदा आजारी पडायचा बेत असेल तर आधी कॅलेंडर काढा. अमावास्या-पौर्णिमा राहू द्या, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कंत्राटी डॉक्टरची ऑर्डर, म्हणजे नेमणुकीचा आदेश, कधी संपते ते पाहा. ती असते ११ महिन्यांची. मग येतो तांत्रिक खंड, म्हणजे नवी ऑर्डर निघेपर्यंत डॉक्टर कामावर नाही. त्या काळात ताप, बाळंतपण, साप-विंचू असले प्रकार कटाक्षानं टाळावेत.

आमच्या सालदारानं टाळलं नाही. परवा सोयाबीनच्या गंजीत तारीख न पाहता हात घातला आणि विंचू चावला. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून केंद्रात नेला, तेव्हा माणूस घामानं निथळत होता. सिस्टरनं बिचारीनं हाताशी होतं ते इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, "काका, डॉक्टर साहेबांची ऑर्डर नाही आली अजून. तालुक्याले घेऊन जा."

बीपीच्या गोळ्या रोज खायची सवय असेल तर सोडा.

तालुक्याला रेफर केल्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स घरी ठेवा, सगळ्या रोगांना चालते.

आणि डॉक्टरवर हात उगारू नका, कायदा कडक आहे! डॉक्टरच्या कुलूपबंद खोलीवर कोरोनातला फलक अजून आहे: मारहाण केल्यास ३ महिने ते ५ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. कायदा योग्यच आहे, मारणाऱ्याला आत टाकलाच पाहिजे. पण मारायला तरी डॉक्टर दाखवा ना! मूळ साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, अवघ्या ४ कलमांचा. सव्वाशे वर्षं तो जवळपास तसाच चालला. कोरोना आला तेव्हा मात्र २२ एप्रिल २०२० ला ही शिक्षा त्यात घालणारा वटहुकूम निघाला, सप्टेंबरात संसदेनं पक्का कायदाही केला. म्हणजे मनात आलं की सरकारला घाई करता येते. त्याच कोरोनात तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर पोरं-पोरी भरल्या, पीपीई किटात उकडून काढल्या, त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. साथ ओसरली तशी त्यातल्या कितीतरी जणांना घरी पाठवलं. आता या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आरोग्य मंदिर म्हणायचं. बरोबरच आहे, देव दिसला नाही तरी मंदिराला जाऊन यावंच लागतं.

सालदाराला मी गुढीपाडव्याला ठेवतो ते पुढच्या पाडव्यापर्यंत. पूर्ण साल. मधे खंड पाडून, तू आज कामावर नाहीस, उद्या नव्यानं ये, असं म्हटलं तर तो माझ्या तोंडावर रुमणं फेकेल. आणि ३० हजार लोकांमागे एक केंद्र, त्यातला डॉक्टर ११ महिन्यांचा! कायमची पदं भरायची नाहीत, कंत्राटी माणूस टिकू द्यायचा नाही, आणि वर विचारायचं की खेड्यात डॉक्टर का येत नाहीत?

ऑर्डर काढतानाच ती कधी संपणार ते त्यावर लिहिलेलं असतं. अधिकाऱ्यांनो, महिनाभर आधी पुढची काढायला कोणी हात धरलेत तुमचे? लाज वाटू द्या. आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही ऐका. ग्रामसभेत सभामंडपाच्या निधीवर दोन तास भांडता, दवाखान्याचा विषय निघाला की चहाला उठता. पुढच्या सभेला त्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या ऑर्डरची तारीख विचारा, आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.