बसऱ्याचं पान

ताम्हिणी उतरून कोकणात निघालं की माणगाव लागतं, आणि माणगावात ट्रॅफिक लागतं. त्या हायवेच्या कामावर वेगळी पोस्ट होईल, आज तो विषय नाही. मागच्या महिन्यात तिथेच पाऊण तास अडकलो. कंटाळून चहाला उतरलो, तर तहसील कचेरीसमोरचा पुतळा बघून पोराने विचारलं, "बाबा, हे कोण?" माहीत होतं म्हणून अब्रू वाचली. यशवंतराव घाडगे, म्हटलं. "काय केलं त्यांनी?"

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. सोबतचे सगळे एकतर मेले नाहीतर जखमी होऊन पडले. हा एकटा उभा राहिला. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग कुठूनतरी स्नायपरच्या गोळ्या आल्या, छातीत आणि पाठीत. जिंकलेल्या मोर्च्यातच जीव गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक.

बघा, वर 'होते' म्हणत सुरुवात केली आणि कधी 'हा' वर आलो कळलंच नाही. पुतळा झाला की माणूस थोर दिसायला लागतो. बावीस वर्षांचा होता तो. आमच्या बिल्डिंगमधली बावीसची पोरं अजून आईला विचारून डबा उघडतात.

तिकडे इटलीत, पेरुजाजवळच्या माँतोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये त्याच्या नावाने स्मारक उभारलं. स्मारक म्हणजे काय, तर सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिन ओळ आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली. इटलीच्या त्या लढाईत हिंदुस्थानी फौजेचे ५० हजारांवर जवान होते आणि ५,७८२ तिथेच राहिले. ज्या गावाचा आणि पळसगावचा काडीचा संबंध नव्हता, त्या गावाने नाव विचारलं, नाव लिहिलं. पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आपल्या गावात कुणाचं नाव आहे?"

आमच्या गावात दगड आहे. सातारा जिल्ह्यात असे दगड पुष्कळ गावांत सापडतील, चावडीच्या भिंतीत नाहीतर देवळाच्या आवारात. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. संपलं. आमच्या दगडावर 'मेले' पुढे तीन आहे. लहानपणी त्या दगडाला टेकून आम्ही विटीदांडू खेळायचो. तीन कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. इंग्रजाने हिशोब ठेवला, नाव नाही ठेवलं.

याहून मोठा दगड इराकात आहे. बसऱ्याच्या स्मारकावर त्याच पहिल्या महायुद्धात तिकडे गेलेल्या ४० हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. आपल्याकडच्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. आता तर ते स्मारकही मूळ जागेवर नाही. १९९७ मध्ये सद्दामने उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. म्हणजे आकड्यालाही एका जागी पडून राहता आलं नाही.

त्या आघाडीवर गेली होती ती सहावी पुणे डिव्हिजन. इराकातल्या कुत गावाला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, एकूण १४७ दिवस. शेवटी घोडी कापून खायची वेळ आली. आपल्या लोकांनी बराच काळ ते मांस तोंडात घातलं नाही. शरण गेल्यावर जे कैदेत चालत निघाले, त्यातले कितीतरी वाटेतच पडले. शाळेत आम्हाला पहिल्या महायुद्धावर टीपा लिहा असायचं, त्यात ज्याच्या खुनावरून युद्ध पेटलं तो ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक होता. पुणे डिव्हिजन नव्हती.

मागे एकदा हे लिहिलं तर एकाने सुनावलं, "ती इंग्रजांची भाडोत्री माणसं, त्यांचं कशाला कौतुक?" अहो, महिना ११ रुपये पगार होता. माण-खटावकडच्या कोरडवाहू रानात चार भावांत वाटे पडल्यावर काय उरतं ते तिथे राहणाऱ्याला विचारा. भरतीवाला आला, छाती मोजली, पोरगं गेलं. बसरा नकाशावर कुठे आहे हे त्याला कुणी दाखवलंही नसेल. देशासाठी मेला तरच त्याची आठवण काढायची, हा नियम मला मान्य नाही. आपल्या गावचा पोरगा होता, परत आला नाही, एवढं कारण मला पुरतं.

आणि स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांचं तरी आपण काय करतो? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात १९४७ नंतरचं एकेक नाव ग्रॅनाइटवर कोरलंय, ते चांगलंच झालं. पण गावात? २६ जुलैला फ्लेक्स लागतो. मध्ये नेत्याचा फोटो, भोवती सात कार्यकर्ते, आणि कारगिलला गेलेला पोरगा खाली कोपऱ्यात, रेशन कार्डावरच्या फोटोएवढा. त्याची आई त्याच रस्त्याने दळणाला जाते.

सगळीकडे असं नाही, हेही सांगतो. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने आपल्या नावापुढे 'मिलिटरी' लावून घेतलंय. पहिल्या महायुद्धात आपले ४६ जण कामी आले, असं ते गाव सांगतं, आणि अजूनही तिथून पोरं भरतीला जातात.

आता आमच्या तिघांपैकी एकाबद्दल. कोकणातून परत आल्यावर थोरल्या आत्याला फोन केला. वय ब्याऐंशी, पण स्मरण पक्कं. म्हटलं, आत्या, आपल्या घरातलं कुणी त्या लढाईत गेलेलं का? ती म्हणाली, "अरे, बसऱ्याचं पान नाही का ठेवत आपण?"

मी विसरूनच गेलो होतो. पितृपक्षात चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांची तिथी असते ना, त्या दिवशी आमच्याकडे एक पान जास्त वाढलं जायचं. आजी म्हणायची, बसऱ्याचं पान. मला वाटायचं तो भाजीचा प्रकार असेल. पंजोबांचा धाकटा भाऊ होता तो. मेल्याची तारीख घरात कुणाला कळली नाही, म्हणून ही तिथी धरली. शंभर वर्षं घरातल्या बायका त्याला जेवायला वाढत आल्या. आजी गेली, आम्ही पुण्यात आलो, पान बंद झालं.

नाव विचारलं तर आत्या जरा थांबली. मग म्हणाली, "पाळण्यातलं नाव मला नाही ठाऊक. आजी त्याला धाकलं म्हणायची. लिहून घे, धाकलं."

लिहून घेतलंय. पलटणीच्या जुन्या नोंदींत गाव आणि बापाचं नाव धरून शोधतोय. इंग्रजाने गावाचं स्पेलिंग काय केलंय देव जाणे, चार तऱ्हेने शोधून झालं. यंदा चतुर्दशीला पान वाढणार आहोत, बायकोशी बोललोय.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीवाल्यांनो, तुमच्याही घरात असं कुणाचं पान असेल तर म्हाताऱ्या माणसांना आज फोन करा. नाव, बापाचं नाव, गाव. नाव नसेल तर घरात काय म्हणायचे ते. खाली लिहा, मी वहीत उतरवून घेतोय.