रूढी बदलली म्हणजे मूल्य बुडाले?

‘संस्कृती म्हणजे पूर्वजांनी घालून दिलेले नियम. नियम मोडला की मूल्य मोडते. सगळे पाळतात, म्हणजे ते सगळ्यांना पटलेले असतात.’ हा मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. त्यातली तिन्ही विधाने चूक आहेत. त्या चुकीचा भुर्दंड वेगळे वागणाऱ्या माणसाला पडतो, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिले विधान लवकर निकालात निघते. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये केलेल्या संस्कृतीच्या व्याख्येत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती असे सगळे येते. समाजात राहून माणूस जे जे शिकतो, ते ते. नियम हा त्यातला एक भाग. आणि सगळे नियमही एका वजनाचे नसतात. समाजशास्त्रज्ञ विल्यम समनर यांनी १९०६ मध्येच लोकरीती (रोजच्या चालीरीती) आणि लोकनीती (नैतिक वजनाचे नियम) वेगळ्या केल्या होत्या. अभिवादनाची पद्धत चुकली तर लोक फार तर नाक मुरडतात. सांभाळायला दिलेले मूल कोणी उपाशी ठेवले तर खवळतात.

खरा घोळ दुसऱ्या विधानात आहे. काय मोलाचे, हे मूल्य सांगते. त्यासाठी अमुक प्रसंगी कसे वागायचे, हे प्रमाणक सांगते. मूल्य तेच राहून प्रमाणक पार उलटे होऊ शकते. स्वीडनमध्ये वाहने डावीकडून चालत. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला होता. तरीही ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळा देश उजवीकडून जाऊ लागला. रस्त्यावर कोणाचा जीव जाऊ नये, हे मूल्य आदल्या दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशीही होते. ज्येष्ठांच्या आदराचेही तसेच. कुणी तो गप्प राहून दाखवतो, कुणी मनातले मोकळेपणाने विचारून. दुसऱ्याला उद्धट ठरवण्याआधी तो काय जपतोय, एवढे तरी पाहावे.

राहिले ‘पाळतात म्हणजे पटते’. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी दांपत्याबरोबर अडीचशेहून अधिक हॉटेलांत आणि खाणावळींत गेले. नकार एकदाच मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी ग्राहक घेणार नाही असे कळवले. त्यांचा हा लेख १९३४ चा. वागणे एक, मत दुसरे! मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. तरी बाकीचे सगळे (आधीच ठरवून) एकमुखाने चुकीचे उत्तर देतात म्हटल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा त्यांची री ओढली. पण गटातल्या एकानेच खरे उत्तर दिले, की री ओढण्याचे प्रमाण आधीच्या जवळपास एक-चतुर्थांशावर येई.