तिला कुणी फूस लावली?

परभणीहून मावशीचा फोन आला की गप्पा शेवटी बातम्यांवर येतात. परवा आयसिस या दहशतवादी संघटनेत जायला लंडनहून सीरियाला पळालेल्या शमीमा बेगमचा विषय निघाला. मावशी कळवळून म्हणाली, “लेकराला काय कळतंय? कुणीतरी फूस लावली असंल.” मागून मामेभाऊ ओरडला, “लेकरू कसलं, कैदाशीण हाय ती!” इथे लंडनला ऑफिसात डबा खाताना हीच दोन मतं मी इंग्रजीतून ऐकते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये गॅटविक विमानतळाच्या कॅमेऱ्यात दिसलेल्या त्या तीन शाळकरी मुली डोळ्यांपुढून हलत नाहीत. सोबत बॅगा, जणू सहलीला निघाल्यात. त्यांतली शमीमा १५ वर्षांची होती. २०१९ मध्ये ती सीरियातल्या छावणीत सापडली आणि ब्रिटनने तिचं नागरिकत्व काढून घेतलं. त्या वयात तिला जाळ्यात ओढलं असणार, हे मला पटतं. पण दहशतवादाकडे वळलेल्या प्रत्येक बाईला आपण हेच माप लावतो, तिथे माझं बिनसतं.

उलरिके माइनहोफ पश्चिम जर्मनीतली नावाजलेली पत्रकार. १९७० मध्ये ती रेड आर्मी फॅक्शन या डाव्या दहशतवादी संघटनेच्या म्होरक्यांपैकी एक झाली. १९७६ मध्ये तुरुंगात मेली, तेव्हा तिचा मेंदू घरच्यांना न सांगता काढून ठेवला. हिंसेचं मूळ त्यात सापडेल म्हणून तो तपासला गेला. हे बाहेर आलं २००२ मध्ये. तिने वर्षानुवर्षं लिहिलेले लेख समोर पडले होते, तरी कारण शोधलं ते कवटीत!

लॉरा श्योबर्ग आणि कॅरन जेन्ट्री या अभ्यासकांनी २००७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. हिंसा करणारी बाई म्हणजे आई, राक्षसीण नाहीतर बदफैली, एवढेच साचे. स्वतःचं राजकारण असलेली बाई त्यांत बसतच नाही. बाया दहशतवादाकडे का वळतात, याची सूड, नाती, कलंक पुसायची धडपड, मान अशी कारणं अभ्यासक मिया ब्लूम सांगतात. ती खरी आहेत. पण पुरुषही भावाचा सूड घ्यायला बंदूक उचलतोच की. त्याच्या बाबतीत मात्र आपण विचारसरणी शोधतो.

मराठवाड्याला हे कळायला अवघड का जावं? रझाकारांविरुद्ध हत्यार उचललेल्या दगडाबाई शेळके यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांना कुणी फूस लावली, असं कुणी विचारत नाही. त्यांचा लढा आणि हा दहशतवाद यांची बरोबरी मुळीच नाही. पण बाई स्वतःच्या डोक्याने ठरवते, हे तिथे मान्य, इथे का नाही?

२०१६ मध्ये आयसिसशी संबंधांच्या आरोपावरून परभणीत तरुणांना अटक झाली, तेव्हा मावशीच्या गल्लीत बापांनी पोरांचे मोबाईल तपासायला घेतले. पोरी काय वाचतात, कशावर चिडतात, हे कुणी विचारलं नाही.