पोळी-भात सोडला म्हणून डिप्रेशन सुटत नाही

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: डिप्रेशन हा मनाचा आजार नाही, तो पोळी-भाताचा आजार आहे. धान्य, साखर, फळं, कडधान्यं सगळं बंद करा. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हे सिद्ध केलंय. मेंदूच्या रुग्णांना शंभर वर्षांपासून हाच आहार देतात. ४० दिवसांत गोळ्या सुटतात, फक्त निश्चय पाहिजे. खाली हात जोडलेले आणि ‘गरजूंपर्यंत पोचवा’.

पहिल्यांदा तो आला तेव्हा माझ्या धाकट्या भावाने मनावर घेतला होता. त्याच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले होते. अंघोळ, दाढी, ऑफिस असं त्याचं गाडं जेमतेम रुळावर येत होतं. आईने हौसेने त्याचा वेगळा स्वयंपाक मांडला: पनीर, अंडी, काकडी, फ्लॉवर किसून केलेला ‘भात’. अकराव्या रात्री दोन वाजता तो मला स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलेला सापडला. डोकं गरगरतंय, अंगातून करंट गेल्यासारखं होतंय, म्हणाला. मला वाटलं, नव्या खाण्याची सवय व्हायचीय. दुसऱ्या दिवशी कपाटात शर्टांच्या खाली गोळ्यांची पाकिटं मिळाली. दहा दिवसांत एकही गोळी फोडलेली नव्हती.

म्हणून हा मेसेज मी वाचून सोडून देऊ शकत नाही. त्यातलं एकेक वाक्य घेते.

‘डिप्रेशन पोळी-भाताने होतं.’ या वाक्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत पाळी गेलेल्या सुमारे ७० हजार बायकांच्या आहाराचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी रक्तातली साखर झटकन चढवणारी धान्यं जास्त, त्यांच्यात पुढे डिप्रेशनचं प्रमाण जास्त आढळलं. पण त्याच अभ्यासात ज्यांच्या आहारात चोथा, फळं आणि भाज्या जास्त होत्या त्यांच्यात ते प्रमाण कमी होतं. म्हणजे सगळीच कर्बोदकं एका पारड्यात टाकता येत नाहीत. ग्लुकोजचं बिस्कीट आणि ज्वारीची भाकरी यांत फरक आहे, आणि मेसेज नेमका तोच पुसून टाकतो. मटकीची उसळसुद्धा बंद करायला सांगतो! शिवाय असे अभ्यास दोन गोष्टी सोबत दिसतात इतकंच सांगतात, एकीमुळे दुसरी झाली हे नाही. आमच्या घरात तर क्रम उलटा होता. भाऊ आजारी पडला आणि मग चहा-बिस्किटावर दिवस काढायला लागला, कारण गॅसजवळ उभं राहायचंही त्राण नव्हतं.

आपल्या ताटात कर्बोदकं फार आहेत, हे मात्र खरं. २०२५ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी त्यातून येतात. मधुमेहाच्या दृष्टीने ते कमी करून प्रथिनं वाढवणं शहाणपणाचं आहे. कुणी त्यासाठी भात कमी करत असेल तर माझी काहीच हरकत नाही.

‘अमेरिकेतल्या विद्यापीठांनी सिद्ध केलंय.’ हे वाक्य सगळ्यात जास्त फसवतं, कारण विद्यापीठं खरी आहेत आणि अभ्यासही खरे आहेत. स्टॅनफर्डमध्ये डॉ. शेबानी सेठी यांच्या गटाने कीटो आहारावर (कर्बोदकं जवळजवळ बंद, स्निग्ध पदार्थ भरपूर) चार महिन्यांचा अभ्यास केला, तो २०२४ मध्ये छापून आला. त्यात २१ जण होते, तेही स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या वेगळ्या मानसिक आजारांचे रुग्ण, ज्यांचं वजन किंवा साखरेचं गणित बिघडलेलं होतं. कुणाच्याही गोळ्या सोडवून आहार दिलेला नव्हता. तब्येती सुधारल्या, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. २०२५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचा अभ्यास आला. तिथे डिप्रेशन असलेल्या १६ विद्यार्थ्यांनी दहा-बारा आठवडे कीटो आहार पूर्ण केला आणि लक्षणांचे आकडे सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. आकडा मोठा आहे, वाचून मलाही आशा वाटली. पण हे विद्यार्थी आधीपासून उपचार घेत होते, आहार शिकवायला आणि विचारपूस करायला सोबत माणसं होती, आणि इथेही तुलनेचा गट नव्हता.

तुलनेचा गट का लागतो? कारण डिप्रेशनमधल्या माणसाकडे कुणी आपुलकीने लक्ष दिलं, तरी त्याला थोडं बरं वाटतं. काही जण काळाबरोबरही सुधारतात. मग यातलं किती आहारामुळे झालं, हे कसं कळणार? हे अभ्यास करणारे स्वतःच सांगतात की ही सुरुवात आहे, मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात. ‘सिद्ध’ हा शब्द मेसेज लिहिणाऱ्याने घुसडला आहे.

आणि तुलना झाली तेव्हा काय दिसलं, हे मेसेजमध्ये कधीच नसतं. ऑस्ट्रेलियात १०६ जाड्या माणसांना वर्षभर दोन आहारांवर ठेवलं होतं. अर्ध्यांना अगदी कमी कर्बोदकं, अर्ध्यांना कमी तेल-तूप, कॅलरी दोघांना सारख्याच. २००९ साली निकाल आला. वजन दोन्ही गटांचं साधारण सारखंच उतरलं. पहिल्या आठ आठवड्यांत मनही दोघांचं सुधारलं. पण पुढे लो-कार्ब गटाची मनःस्थिती हळूहळू मूळपदावर आली, दुसऱ्या गटाची सुधारणा मात्र टिकली. ही माणसं डिप्रेशनची रुग्ण नव्हती, त्यामुळे यावरूनही मोठा निष्कर्ष काढू नये. पण ‘४० दिवसांत’ बरं वाटलं म्हणणाऱ्यांनी वर्षभराने काय झालं तेही विचारायला हवं.

‘मेंदूच्या रुग्णांना शंभर वर्षं हाच आहार देतात.’ हाच नाही. १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फिट्स येण्याच्या आजारासाठी, कीटो आहार सुचवला. औषधांनी झटके थांबत नाहीत अशा मुलांना तो आजही देतात आणि त्याचा उपयोग होतो. पण त्याच्या मूळ प्रकारात सुमारे ९० टक्के कॅलरी स्निग्ध पदार्थांतून येतात. घास वजनकाट्यावर मोजतात, रक्त तपासतात, जीवनसत्त्वं वेगळी देतात, मूतखड्यावर लक्ष ठेवतात. तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी मिळून चालवलेला उपचार आहे. व्हॉट्सॲपवर वाचून पोळी बंद करणं म्हणजे तो नव्हे. आणि अपस्मार वेगळा, डिप्रेशन वेगळं.

‘गोळ्या सुटतात.’ या दोन शब्दांनी माझ्या भावाचे सहा महिने घेतले. डिप्रेशनच्या गोळ्या अचानक थांबवल्या की चक्कर, करंट गेल्याची भावना, झोप उडणं, चिडचिड असं होऊ शकतं. लो-कार्बच्या पहिल्या आठवड्यातही डोकेदुखी आणि थकवा येतो. दोन्ही एकत्र आले की ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणून सांगणारे भेटतात, आणि माणूस आणखी नेटाने तेच करतो. गोळ्यांचा परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडल्या तर आजार उलटतो. आमच्याकडे तेच झालं. कधी थांबवायच्या आणि डोस किती-किती कमी करायचा, हे डॉक्टर ठरवतात.

काही औषधांबरोबर नुसता आहार बदलणंही धोक्याचं असतं. बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्याने एकदम कर्बोदकं तोडली, तर सुरुवातीला शरीरातलं पाणी आणि मीठ झपाट्याने जातं आणि रक्तातलं लिथियम वर जाऊ शकतं. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कीटो आहाराने रक्तात आम्ल साठून जीवावर बेतू शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते लवकर लक्षातही येत नाही. इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जायची भीती. ‘गरजूंपर्यंत पोचवा’ म्हणताना समोरचा कुठल्या गोळ्या घेतो, हे पाठवणाऱ्याला माहीत असतं का?

‘फक्त निश्चय पाहिजे.’ मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो. निश्चयच तर या आजाराने आधी नेलेला असतो. भूक मरणं किंवा खा-खा सुटणं, ही डिप्रेशनची लक्षणं आहेत. अशा माणसाला रोज ग्रॅम मोजायला लावायचं आणि जमलं नाही की ‘तूच कमी पडलास’ म्हणायचं? त्या वर्षी होळीला भावाने पुरणपोळीचा एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारून म्हणाला, ‘ताई, मला एवढंही जमत नाही.’ एका घासाचा त्याला अपराध वाटला. जेवणातून मिळणारं उरलंसुरलं सुखही त्या मेसेजने हिरावून घेतलं होतं.

मग आहाराचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि त्याचा पुरावा तुलनेच्या गटासकट आहे. ऑस्ट्रेलियातच प्रा. फेलिस जॅका यांच्या गटाने डिप्रेशनच्या ६७ रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी केली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना आहारतज्ज्ञ भेटत, अर्ध्यांशी तितक्याच वेळा कुणीतरी नुसत्या गप्पा मारायला येई. बहुतेकांचे चालू उपचार तसेच राहिले. आहाराच्या गटात ३२ टक्के, तर गप्पांच्या गटात ८ टक्के लोक आजाराच्या लक्षणांतून जवळजवळ बाहेर आले. चाचणी लहान होती, हे इथेही लक्षात ठेवायचं. तो आहार लो-कार्ब नव्हता. त्यात भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्हचं तेल आणि रोज कोंड्यासकट अख्खी धान्यं होती. कमी केलं होतं ते गोड, तळलेलं आणि पाकीटबंद.

कुणाला खरंच लो-कार्ब करून बघायचं असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, गोळ्या चालू ठेवा, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. आणि रात्री-अपरात्री घरात कुणी अंधारात बसलेलं दिसलं, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

भावाच्या नव्या गोळीने वजन वाढलं, म्हणून डॉक्टरांनीच त्याला आता चहातली साखर, बेकरीचं आणि रात्रीचा भात कमी करायला सांगितलाय. ते तो बिनबोभाट करतो. गोळ्यांचा डबा फ्रीजवर, सगळ्यांना दिसेल असा असतो. परवा जेवताना ताटात उसळ संपली तशी त्याने हात पुढे केला, ‘ताई, भाकरी वाढ अजून. चतकोर.’